कोकणातल्या डिकेमालीचं शास्त्रीय नाव ठरवताना

कोकणात कुणी ‘डिकेमाली’ म्हणून दाखवलेलं झाड दोन वेगळ्या जातींपैकी कुठलंही असू शकतं. ‘रानअनंत’ म्हणून दाखवलेलं झाड तर पुष्कळदा गार्डेनिया, म्हणजे डिकेमाली आणि अंगणातला अनंत ज्या प्रजातीत येतात ती, निघतच नाही. शाळेच्या आवारात, देवराईत किंवा बागेत झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या असतील, किंवा आपल्या सड्यावरच्या झाडांची यादी करायची असेल, तर मोबाइलच्या अ‍ॅपने सांगितलेलं पहिलं नाव रंगवून मोकळं होण्याचा मोह टाळा. अ‍ॅप फुलाचा चेहरा बघतं. या गटात चेहरे सारखे आहेत आणि फरक सगळे आत दडलेले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘हे झाड कोणतं?’ आणि ‘त्याचं बरोबर नाव कोणतं?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर झाडात सापडतं: पानात, पेरात, किंजपुटात (फुलाच्या ज्या भागाचं पुढे फळ होतं तो). दुसऱ्याचं उत्तर ग्रंथांत आणि नियमांत आहे. तिथे कोणी कधी काय छापलं याचा हिशोब होतो, झाडाला त्यात काही विचारायचं नसतं. नवशिके आधी नाव धरतात आणि मग झाडात त्याची लक्षणं शोधतात, आणि शोधायला गेलं की लक्षणं सापडतातच. म्हणून क्रम असा ठेवा: कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज), आणि सगळ्यात शेवटी नाव.

काय लागेल आणि कधी जायचं

दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग, नवीन दाढीचं पातं, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, शिसपेन्सिल, वही, कागदी पाकिटं आणि थोडं स्पिरिट एवढं पुरे. स्पिरिट नसेल तर अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चालतं. डिकेमालीची राळ बोटांना आणि पात्याला चिकटते आणि पाण्याने निघत नाही, अल्कोहोलमध्ये ती विरघळते. पेनाऐवजी पेन्सिल एवढ्यासाठी की कोकणच्या दमट हवेत शाई फुटते.

या झाडांचा बहर उन्हाळ्यातला, साधारण मार्च ते मे-जून. फुलं नसताना फक्त पानांवरून जातीचा निर्णय करू नका. फळं पुढे बरेच महिने झाडावर राहतात. तेवढ्यावरही बरंच काम होतं, पण फूल मिळालं तर काम निम्मं होतं. जमल्यास सकाळी लवकर पोचा. ताजं उमललेलं फूल पांढरंशुभ्र असतं आणि एक-दोन दिवसांत पिवळं पडतं. एकाच फांदीवर पांढरी आणि पिवळी फुलं दिसली म्हणून दोन जाती समजू नका.

पहिली पायरी: कुल

गार्डेनियाचं कुल रुबिएसी, मराठीत कदंब कुल. कॉफी, कदंब, आल आणि बागेतला पेंटगुळ म्हणजे इक्झोरा हे सगळे याच घरातले. हे कुल ओळखायची हातखंडा खूण म्हणजे पानं समोरासमोर आणि अखंड कडांची, आणि दोन समोरासमोरच्या देठांच्या मधोमध, खोडावर एक छोटं उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं पातळ अंग. याला अंतरावृंतीय उपपर्ण म्हणतात. सराव हवा असेल तर दारातल्या इक्झोराची फांदी घ्या. दोन देठांच्या मधे टोकदार उपपर्ण भिंगाशिवायही दिसतं. एकदा डोळ्याला सवय झाली की या कुलातलं झाड फुलाशिवायही ओळखता येतं.

गार्डेनियात ही उपपर्णं एकमेकांना जोडून फांदीभोवती छोटी नळी करतात. जुन्या पेरांवर ती गळून गेलेली असतात, म्हणून शेंड्याकडची पहिली दोन-तीन पेरंच तपासायची. डिकेमालीत नेमका हाच भाग राळेने माखलेला असतो आणि उपपर्ण दिसत नाही. कापसाला स्पिरिट लावून शेंडा पुसा, मग भिंगाखाली धरा.

कधी तीन पानं एकाच पेरावर चक्राकार येतात. कोकणातल्या एका गार्डेनियात हे नेहमीचंच आहे, त्याचं पुढे येईल. चक्र दिसलं म्हणून कुल बाद करू नका.

इथेच दुधाची चाचणी करून टाका. पान तोडून देठाकडे बघा. पांढरा चीक आला तर ते झाड गार्डेनिया नाही. पांढऱ्या सुवासिक फुलांची तगर आणि रानातला नागकुडा ही दोन्ही झाडं नवख्यांना हमखास चकवतात. दोघांची पानंही समोरासमोर असतात, पाकळ्याही खाली जुळून नळी झालेल्या असतात. पण ती करवीर कुलातली, म्हणजे अ‍ॅपोसायनेसी. त्यांना चीक असतो आणि देठांमधलं उपपर्ण नसतं. डिकेमालीच्या शेंड्यावर दिसतो तो पिवळट, चिकट, उग्र वासाचा थेंब राळेचा आहे. ती शेंड्याच्या कळीतून स्रवते, पान तोडल्यावर वाहत नाही.

कुलाची शेवटची खूण फुलात. पाकळ्यांची नळी जिथून निघते त्याच्या खाली, देठाच्या टोकाला, हिरवा फुगीर भाग असतो. तो किंजपुट. फुलाचे बाकीचे भाग त्याच्या वर बसलेले असतात, म्हणून त्याला अधःस्थ किंजपुट म्हणतात. तगरीत किंजपुट नळीच्या आत, तिच्या तळाशी असतो.

दुसरी पायरी: प्रजाती, आणि टाळता न येणारा काप

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, कारण काप घ्यायचा कंटाळा केला जातो.

आधी काटे बघा. कोकणातल्या गार्डेनियांना काटे नसतात. काटे असतील तर तीन शेजारी डोळ्यांसमोर आणा. गेळ, ज्याच्या फळाला मदनफळ म्हणतात, त्याचे काटे सरळ आणि पानांच्या बगलेतून आलेले. फुलं लहान, बाहेरून लवदार, आणि तीही पांढरी उमलून पिवळी पडतात. म्हणजे रंग बदलणं ही काही गार्डेनियाची खासियत नव्हे. पेंढरीच्या कोवळ्या फांद्या चौकोनी, काटे फांद्यांच्या टोकांशी, फुलं मोठी आणि एकेकटी. तिसरा खुरपेंद्रा, तोही काटेरी. या झाडांच्या स्थानिक नावांची गल्लत इतकी आहे की फेंद्रा, पेंद्रा, पेंढरी ही नावं तालुक्यागणिक एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. नाव सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याने दाखवलेली फांदी, हे तिन्ही वहीत एकत्र टिपलेलं असेल तरच स्थानिक नाव उपयोगाचं.

काटे नाहीत म्हणजे गार्डेनियाच, असंही मानू नका. जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर काटे विरळ होतात. आता काप घ्या. उमललेल्या फुलाचा किंवा अगदी कोवळ्या फळाचा किंजपुट मधोमध, आडवा, एकाच हलक्या हाताने कापा. पातं बोथट असेल तर आतला गर चिरडतो आणि कप्पे मोजता येत नाहीत, म्हणून दर दहा-बारा कापांनी पातं बदला. कापलेल्या तोंडाला पाण्याचा एक थेंब लावा आणि उजेडाकडे पाठ करून भिंगातून बघा.

बघायचं एवढंच: पोकळी एक की दोन, आणि बीजकं, म्हणजे पुढे बिया होणारे कण, कुठे चिकटली आहेत. पपई आडवी कापली की एकच पोकळी आणि बिया भिंतीला लागलेल्या दिसतात. गार्डेनियात रचना तशीच, एक कप्पा आणि भिंतीला चिकटलेली बीजकं. याला तटलग्न बीजकविन्यास म्हणतात. गेळ आणि पेंढरीत मधे पडदा असतो, दोन कप्पे होतात आणि बीजकं मधल्या पडद्याला लागतात.

फसगत दोन ठिकाणी होते. गार्डेनियात भिंतीवरचे बीजकांचे गादीसारखे उंचवटे कधी कधी इतके आत वाढतात की मध्यावर टेकतात आणि कप्पे दोन असल्याचा भास होतो. अशा वेळी एकावर थांबू नका. एकाच किंजपुटाचे खालचा, मधला आणि वरचा असे तीन काप घ्या. पडदा खरा असेल तर तो तिन्हीत अखंड दिसतो, नुसते टेकलेले उंचवटे निदान एका कापात सुटे पडतात. दुसरी फसगत खुरपेंद्र्याची. त्याचाही कप्पा एकच, त्यामुळे नुसत्या कापावर तो गार्डेनियात जाऊन बसतो, आणि पूर्वी तो खरोखर गार्डेनियातच होता. पण त्याला काटे असतात आणि नर-मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर फुलाचा किंजपुट कापला तर आत धड बीजकं सापडत नाहीत. तीन-चार फुलं कापूनही बीजकं दिसेनात, तर काप चुकला असं समजण्याआधी झाड नर आहे का ते बघा, आणि आसपासच्या दुसऱ्या झाडाचं फूल घ्या.

सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर परागही बघून घ्या. गार्डेनियाचे परागकण सुटे नसतात, चार-चार एकत्र जुळलेले असतात. महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे कळतं.

तिसरी पायरी: जाती

प्रजाती ठरली की कोकणात पर्याय मोजकेच उरतात. रानात तीन आणि अंगणात एक.

अंगणातला तो अनंत, गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. तो इथला नव्हे. चीन, जपान, व्हिएतनाम या बाजूचा. कोकणात लागवडीखेरीज सहसा भेटत नाही. साध्या फुलाला बहुधा सहा पाकळ्या, संवर्ताच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीच्या) नळीवर उभे कंगोरे, आणि फळ धरलंच तर नारिंगी, कंगोरेदार. दुहेरी फुलांचा अनंत बहुधा फळ धरत नाही, म्हणून फळाची वाट बघत बसू नका.

रानातल्या तिघांत सगळ्यात सोपा गार्डेनिया लॅटिफोलिया. मराठीत याला पांडरू, पापडा, घोगर अशी नावं ऐकू येतात. पानं मोठी, हातभर नसली तरी वीतभर सहज, देठ जवळजवळ नाहीच, आणि पुष्कळदा तीन-तीनच्या चक्रात. पान उलटं करून मधल्या शिरेला बाजूच्या शिरा मिळतात त्या कोपऱ्यांत भिंग धरा, केसांचे बारीक झुपके दिसतात. पाकळ्या पाच नसतात, सात ते अकरा, बहुधा नऊ. फळ गोल, चार-पाच सेंटिमीटर व्यासाचं. एवढं जुळलं की शंका उरत नाही.

खरी डोकेदुखी डिकेमालीच्या जोडीची. गार्डेनिया गमिफेरा आणि गार्डेनिया रेझिनिफेरा, दोन्हींच्या शेंड्याला राळ, दोन्हींना डिकेमाली हेच नाव, आणि काष्ठौषधीच्या दुकानातल्या डिकेमालीत दोन्हींची राळ असते. त्यामुळे राळ बघून जात ठरवता येत नाही. देठ बघा. गमिफेराची पानं बिनदेठाची किंवा अगदी आखूड देठाची, साधारण तीन ते आठ सेंटिमीटर लांब. रेझिनिफेराच्या पानाला स्पष्ट देठ असतो, पान मोठं, वरून चकचकीत, आणि बाजूच्या शिरा भरपूर, जवळजवळ आणि समांतर. गमिफेरात एका ठिकाणी एक ते तीन फुलं येतात, रेझिनिफेरात फूल बहुधा एकटं आणि मोठं. गमिफेरा बहुतेक झुडूप किंवा खुरटं झाड असतं, पण कातळावर आणि वारंवार वणवा लागणाऱ्या उतारावर काहीही खुरटंच राहतं, म्हणून उंचीला फार किंमत देऊ नका.

माप घ्यायचीही एक रीत आहे. तोडलेल्या खोडाला फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं कधीच मोजायची नाहीत, ती अवाच्या सवा मोठी असतात आणि गमिफेराचा रेझिनिफेरा करून टाकतात. फुलं किंवा फळं असलेल्या फांदीवरची, पूर्ण वाढलेली दहा पानं निवडा. लांबी, रुंदी आणि देठ मिलिमीटरमध्ये मोजा, आणि सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठं अशी कक्षा लिहा. सरासरी लिहू नका, ओळखीसाठी कक्षाच लागते.

आता नाव

झाड ठरलं. आता दुसरा प्रश्न. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिची मुळं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1753 सालच्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात आहेत. त्याआधीची नावं बहुतेक वनस्पतींसाठी जमेत धरत नाहीत. मुख्य तत्त्व अग्रक्रमाचं: एकाच झाडाला अनेकांनी नावं दिली असतील तर नियमानुसार सगळ्यात आधी प्रसिद्ध झालेलं नाव टिकतं.

हे तत्त्व आपल्याच झाडांवर चालवून बघू.

गार्डेनिया ही प्रजाती जॉन एलिसने 1761 मध्ये प्रसिद्ध केली. नाव अमेरिकेत चार्ल्सटनला राहणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश वैद्याच्या सन्मानार्थ. त्याच वेळी एलिसने अनंताला जॅस्मिनॉइडिस हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी, 1762 मध्ये, लिनियसने याच झाडाला गार्डेनिया फ्लोरिडा म्हटलं. लिनियस केवढाही मोठा असो, वर्षभर उशीर झाला. म्हणून नर्सरीच्या कुंडीवर ‘फ्लोरिडा’ दिसलं तर ते चुकीचं झाड नव्हे, मागे पडलेलं नाव आहे, म्हणजे समानार्थी नाव.

रेझिनिफेराची गोष्ट जास्त शिकवते. विल्यम रॉक्सबर्ग कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्याने या झाडाला गार्डेनिया ल्युसिडा हे नाव योजलं आणि 1814 मध्ये उद्यानातल्या झाडांच्या छापील यादीत ते आलंही. पण त्या यादीत वर्णन नव्हतं. वर्णनाशिवाय छापलेलं नाव ‘नग्न नाम’ ठरतं आणि अग्रक्रमाच्या हिशोबात त्याला जागा नसते. रॉक्सबर्ग 1815 मध्ये वारला. त्याचं वर्णन छापून आलं ते 1824 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) विल्यम केरीने त्याच्या हस्तलिखितावरून काढलेल्या खंडात. हा केरी तोच, ज्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. दरम्यान 1821 मध्ये आल्ब्रेख्ट विल्हेल्म रोट या जर्मन वैद्याने, दक्षिण भारतातून बेंजामिन हाइनने पाठवलेल्या नमुन्यांवरून, रेझिनिफेरा हे नाव वर्णनासकट प्रसिद्ध केलं होतं. म्हणून टिकलं ते रेझिनिफेरा. जुन्या ग्रंथांत ल्युसिडा सर्रास भेटेल. ते वाचताना गोंधळू नका आणि नव्या पाटीवर ते उतरवू नका.

गमिफेरा हे नाव 1782 चं, लिनियसच्या मुलाने दिलेलं. ज्या पुरवणी ग्रंथात ते आलं त्याच्या मुखपृष्ठावर 1781 छापलंय, पण ग्रंथ बाहेर पडला 1782 मध्ये, आणि प्रत्यक्ष प्रसिद्धीची तारीखच धरायची असते. दोन याद्यांत दोन सालं दिसतात ती यामुळे. लॅटिफोलिया 1789 चं, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या विल्यम एटनच्या नावावर.

लिहायचं कसं

शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहितात. देवनागरीतलं ‘गार्डेनिया गमिफेरा’ हे वाचायच्या सोयीचं आहे, पाटीवर ते जरूर असावं, पण त्याखाली रोमन अक्षरांतलं मूळ नाव हवंच. प्रजातीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं नाव पूर्ण लहान अक्षरांत, दोन्ही तिरक्या टायपात. हाताने लिहिताना तिरकं जमत नाही, तेव्हा दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढतात. गमिफेराच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘एम’ दोनदा येतो. एक ‘एम’ गाळलेल्या पाट्या जागोजाग दिसतात.

नावापुढे कर्त्याचं, म्हणजे ते नाव प्रसिद्ध करणाऱ्याचं, संक्षिप्त नाव सरळ टायपात येतं. इथे एक बारीक पण नेहमीची चूक होते. गमिफेरापुढे नुसता ‘एल.’ लिहिला की तो थोरला लिनियस होतो. ‘एल.एफ.’ लिहायला हवं, म्हणजे लिनियसचा मुलगा. थोरला 1778 मध्येच वारला होता.

कंसांनाही अर्थ असतो. खुरपेंद्र्याचं आजचं नाव सेरिस्कॉइडिस टर्जिडा, आणि कर्ते असे लिहितात: (रॉक्सब.) तिरवेंग. रॉक्सबर्गने आधी हे झाड गार्डेनिया टर्जिडा म्हणून वर्णिलं, नंतर तिरवेंगडम यांनी 1978 मध्ये ते दुसऱ्या प्रजातीत हलवलं. मूळ कर्ता कंसात आणि हलवणारा बाहेर. कंस गाळला तर झाडाने प्रजाती बदलल्याची खूणच पुसली जाते. उलट, गमिफेरापुढे कंस कधीच येत नाही, कारण ते जिथे होतं तिथेच आहे.

गेळीने तर बरीच घरं बदलली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गने गार्डेनिया म्हटलं, मग ते रँडियात गेलं, मग झेरॉम्फिसमध्ये, आणि आता कॅट्युनारेगम स्पायनोसा. आयुर्वेदाच्या पुस्तकांत अजून रँडिया ड्युमेटोरम हेच नाव चालतं. प्रत्येक वेळी झाड तेच होतं. बदललं ते त्याच्या नातेवाइकांबद्दलचं मत. हे मत कशावर बदलतं? पूर्वी फुला-फळाच्या रचनेवर, गेल्या काही दशकांत डीएनएच्या तुलनेवरही. पेंढरीही पूर्वी गार्डेनिया आणि रँडियातून फिरून आली आणि 1979 पासून टॅमिलनाडिया युलिजिनोसा आहे.

वर्गीकरणाची शिडी लिहायची झाली तर खालून वर अशी जाते: जाती गमिफेरा, प्रजाती गार्डेनिया, ट्राइब गार्डेनिई, कुल रुबिएसी, गण जेन्शिएनेलीज. त्याच्या वरचे स्तर पाटीवर लिहायची गरज नाही. गणाच्या वर आजच्या पद्धतीत औपचारिक नावांऐवजी गटांची नावं वापरतात आणि जुन्या पुस्तकांतली नावं त्यांच्याशी जुळत नाहीत.

खात्री करून घ्या

क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर नाव टाका. ते स्वीकृत आहे की समानार्थी, आणि झाडाचा मूळ प्रदेश कोणता, दोन्ही कळतं. नाव कुठे, कधी प्रसिद्ध झालं हे ‘इंटरनॅशनल प्लँट नेम्स इंडेक्स’मध्ये मिळतं. पण ही सूची फक्त नावांची नोंद करते. कुठलं नाव आज चालू आहे याचा निवाडा तिच्याकडे मागू नका. तुमच्या झाडाचा मूळ प्रदेश म्हणून भलताच खंड दिसला, तर नाव नव्हे, ओळख चुकली असण्याचा संभव आहे. मागे जा आणि काप पुन्हा घ्या.

वर्णनासाठी थिओडोर कुकचा 1901 ते 1908 मध्ये निघालेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ अजूनही हाताशी ठेवावा असा आहे. त्यातली वर्णनं भक्कम, नावं मात्र जुनी. म्हणून वर्णन कुकचं वाचा आणि नाव आजचं लिहा.

तरी शंका उरली तर ती पाटीत लपवू नका. जात ठरत नसेल तर प्रजातीपुढे ‘एसपी.’ लिहून थांबा. बहुधा गमिफेरा आहे पण फूल मिळालं नाही, तर प्रजाती आणि जातीच्या मधे ‘सीएफ.’ घाला, म्हणजे तुलना करावी. यात कमीपणा काही नाही. चुकीचं ठाम नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जातं आणि मग ते काढणं कठीण होतं.

नमुना

प्रत्येक नोंदीमागे नमुना असावा, निदान फोटो तरी. राखीव वनात किंवा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. खासगी जागेत मालकाला विचारायचं, देवराईत गावच्या मानकऱ्यांना. तोडता येत नसेल तर सहा फोटो पट्टी ठेवून घ्या: शेंडा, उपपर्णासह पेर, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने संवर्तासह, आणि गळून पडलेल्या फुलाच्या किंवा कोवळ्या फळाच्या किंजपुटाचा काप. शेवटचा फोटो नसेल तर तज्ज्ञही हात वर करतात.

नमुना घेताच येत असेल तर फुलांची किंवा फळांची, साधारण 30 सेंटिमीटरची फांदी घ्या आणि वर्तमानपत्राच्या कागदांत ठेवून प्रेसमध्ये, म्हणजे दोन फळ्यांमध्ये आवळून, दाबा. हर्बेरियमचा, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद 42 गुणिले 28 सेंटिमीटरचा असतो, फांदी त्यात मावायला हवी. निदान एक पान उलटं ठेवा, खालची बाजू दिसली पाहिजे. एक फूल नळीच्या लांबीने उभं चिरून उघडून दाबा. फळ जाड असतं, ते आडवं कापून वेगळ्या पाकिटात सुकवा आणि पाकिटावर फांदीचाच क्रमांक घाला. राळेच्या शेंड्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवायला विसरू नका, नाहीतर वर्तमानपत्र कायमचं चिकटतं आणि सोडवताना नेमकी उपपर्णं उखडतात.

कोकणात बुरशी लागते ती दाबण्यात कसूर झाल्यामुळे नव्हे, कागद न बदलल्यामुळे. पहिला बदल बारा तासांत, मग आठवडाभर रोज. पावसाळी हवेत कागद आधी उन्हात किंवा चुलीजवळ कोरडे करून घ्या. प्रेसखाली थोडं अंतर ठेवून जुन्या पद्धतीचा 60 वॉटचा बल्ब लावला तर काम लवकर होतं, पण तो एकटा सोडून जाऊ नका. फार उष्णतेने पानं करपतात आणि ठिसूळ होतात. सुकलं की नाही हे बघायला पान गालाला लावा. गार लागलं तर ओल बाकी आहे. किडीसाठी सुका नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी तापमान जुळेपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं. संस्था पूर्वी पाऱ्याचं विषारी क्षारद्रावण वापरत. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, लेबल. त्यावर नाव, कुल, गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, अधिवास (जांभ्याचा कातळ, पानझडी रान, बांध, जे असेल ते), झाडाची उंची, तारीख, गोळा करणारा आणि त्याचा क्रमांक. सुकल्यावर जे उरत नाही ते आवर्जून लिहा: फुलाचा रंग, वास, राळेचा रंग. सुकलेलं गार्डेनियाचं फूल तपकिरी होतं, त्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही.

दोन प्रती केल्या असतील तर एक पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये दाखवायला नेता येते. आधी पत्र किंवा ईमेल करून वेळ घ्या, आणि जाताना कापाचे फोटो व मापांची वही बरोबर ठेवा. तिथे तुमचं नाव बदललं गेलं तर जुनं लेबल खोडू किंवा फाडू नका. त्याच्या वर एक छोटी चिठ्ठी डकवतात, तीवर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष. पुढे पुन्हा कुणी मत बदललं तर तिसरी चिठ्ठी येईल, पहिल्या दोन तशाच राहतील.